एकही फळी सोडू नका

१

ताईंनी दार नेहमीसारखं पाठीने ढकललं आणि मागे पाऊल टाकलं. मागे सज्जा नव्हता.

आदल्या दिवसापर्यंत होता. मिठाची ती वखार बांधली गेली तेव्हापासून तो लाकडी सज्जा पूर्वेच्या भिंतीला धरून होता. त्यावर उभं राहून कुणी एके काळी खालची पोती मोजली असतील. मीठ गेलं, पोती गेली, अर्धं छप्पर गेलं, सज्जा राहिला. या पडक्या वखारीची सगळ्यांसाठी खुली कार्यशाळा करायची, कुणीही यावं, आखावं, कापावं, जोडावं आणि काहीतरी नवं बनवून घरी न्यावं, ही कल्पना ताईंची. त्या वास्तुकार होत्या आणि वखारीत त्यांच्या शब्दाबाहेर वीट हलत नसे. आता त्या खाली, काढून टाकलेल्या फळ्यांच्या ढिगावर पडल्या होत्या आणि फळ्यांचे खिळे वर तोंड करून होते. त्यांच्या हातातली चुन्याच्या नमुन्यांची पेटी मात्र शेजारी अलगद उतरली होती. आतला एकही नमुना तडकला नव्हता.

"नशीब म्हणायचं," हवालदार म्हणाला.

"कुणाचं? पेटीचं?" आत्याने विचारलं.

पोलीस खात्यात तिला समोर मॅडम आणि पाठीमागे आत्या म्हणत. भावाच्या घरी चार दिवस राहायला येऊन पहिल्याच दिवशी भिंतीवरची जळमटं दाखवणारी आत्या असते, तशी ही. कुठेही गेली की आधी चुका काढायची. आपलं हे नाव तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मागच्या जिन्याने ती वर ताईंच्या खोलीत गेली. मोठं टेबल, आराखड्यांच्या गुंडाळ्या, एक पत्र्याचा डबा आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं ते दार. दाराच्या जुन्या चौकटीला खिळ्यांच्या भोकांची चाळण झाली होती. बहुतेक भोकं आतून काळी पडलेली. चार ताजी दिसत होती, आतलं लाकूड अजून पिवळं. पण ताजी भोकं वखारीत जागोजाग होती. रोज कुणी ना कुणी काहीतरी ठोकतच होतं.

खाली पाडकामाचा मुकादम विटांच्या चवडीवर बसला होता. मोठ्या अंगाचा माणूस, पण बसल्या बसल्या आकसल्यासारखा झाला होता.

"सज्जा कुणी काढला?"

"मी. काल संध्याकाळी."

"कुणी सांगितलं?"

"ताईंनीच." त्याने तोंडावरून हात फिरवला. "पण बाई, मी दाराला आतून आडवी पट्टी ठोकली होती. दोन्ही टोकांना दोन-दोन खिळे, नवे कोरे. पायाखालचं काढलं की मी दार मोकळं सोडत नाही. आजवर नाही सोडलं."

आत्या पुन्हा वर जाऊन आली. दाराला पट्टी नव्हती. पट्टी काय, पट्टीचा ढलपासुद्धा नव्हता.

२

दुपारच्या आत वरून फोन आला. वखारीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, निमंत्रणं गेली होती, मोठी माणसं येणार होती. एक मुकादम निष्काळजी निघाला एवढंच प्रकरण आहे, संध्याकाळपर्यंत त्याला आत टाका आणि मोकळ्या व्हा, असं साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात ताईंबद्दल दुःख होतं, पण ते उद्घाटनानंतर करायचं होतं.

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना?" आत्याने विचारलं आणि फोन ठेवला.

मग खालीच जिन्याशेजारी बसून तिने एकेकाला बोलावलं. पहिला आला तो ताईंचा नवरा. वखारीच्या लोखंडी कामाचा इंजिनिअर. नवराबायको वर्षभर वेगळे राहत होते आणि एकाच वखारीत काम करत होते. म्हणजे भांडायला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता. त्याचा शर्ट इस्त्रीचा होता आणि डोळे कोरडे होते.

"काल दुपारी तिचा फोन माझ्या मोबाइलवर आला," तो म्हणाला. "परवानगीच्या कचेरीतून. म्हणाली, सगळ्यांना ऐकव. मी आवाज मोठा केला. समोर मुकादम होता आणि हिची धाकटी बहीण होती."

"काय म्हणाल्या? शब्दच्या शब्द सांगा."

"'पूर्वेचा सज्जा काढा. आजच्या आज. एकही फळी सोडू नका, कठडासुद्धा. उद्या सकाळी आल्याबरोबर मला काम झालेलं दिसलं पाहिजे.' आणि ठेवला फोन. ती उत्तरासाठी कधी थांबायची नाही."

आत्याने ते वाक्य मनातल्या मनात दोनदा घोळवलं. भिंत काढतात, चित्रही काढतात. पाडणाऱ्याला एक कळतं, रेखाटणाऱ्याला दुसरं.

"त्यांना सज्जा पाडून हवा होता की कागदावर?"

इंजिनिअरने खांदे उडवले. "ते आता तिलाच विचारावं लागेल."

धाकटी बहीण आली ती ओढणीच्या टोकाने बोटं पुसत. ताईंच्या हाताखाली आराखडे काढायचं काम तिचं. वखारीतली प्रत्येक कमान, प्रत्येक तडा तिने मोजून कागदावर उतरवला होता. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात नाव ताईंचं.

"तुम्हाला नाही वाटलं, की निरोप तुमच्यासाठी आहे?"

"नाही." आवाज अगदी सपाट. "ताई मला 'तू' म्हणते. मला सांगायचं असतं तर 'काढ' म्हणाली असती. 'काढा' म्हणाली, म्हणजे मुकादमांना."

बिनतोड होतं. आत्याला बिनतोड उत्तरं आवडत नसत.

"सज्ज्याचा आराखडा झाला होता?"

"बऱ्याचदा झाला." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "ताई फाडायची. कधी फळीची जाडी चुकली म्हणायची, कधी रेघ मेली म्हणायची. एकदा सगळ्या मजुरांसमोर फाडला आणि तुकडे माझ्याच हातात दिले, टाकून ये म्हणाली."

"राग आला असेल."

"सवय झाली होती."

"वर शेवटच्या कधी गेला होतात?"

"काल दुपारी, निरोप यायच्या आधी. नंतर घरी गेले. सकाळी आले तेव्हा खाली गर्दी होती. वर गेलेच नाही."

ती गेली. आत्या पुन्हा ताईंच्या खोलीत गेली. खिडकीतून पाहिलं, तर हवालदार मुकादमाच्या शेजारी उभा होता आणि मुकादम फोनवर घरच्यांना सांगत होता की रात्री जेवायला थांबू नका. आत्या उगाच टेबलावरचं चाळू लागली. दुसऱ्याच्या घरातले डबे उघडून बघायची तिला जुनी खोड होती. तिने पत्र्याचा डबा उघडला आणि तशीच उभी राहिली.

३

डब्यात खिळे होते. घडीव, काळे, चौकोनी डोक्याचे. आत चार खण पाडलेले, प्रत्येकावर चिठ्ठी: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. शेजारी एक लोखंडी ठोकळा आणि लहानशी हातोडी.

"हे काय खूळ?" तिने डबा आणि ठोकळा खाली नेऊन मुकादमाला विचारलं.

"ताईंचा नियम. जुनं काही फेकायचं नाही. खिळा निघाला की ठोकळ्यावर सरळ करायचा आणि ज्या भिंतीचा त्या खणात टाकायचा. त्यांच्या माणसांना त्यांनी मारूनमुटकून सवय लावली होती. इंजिनिअरसाहेबसुद्धा करायचे, तोंड वाकडं करून."

"आणि तू?"

"मी पाडणारा माणूस, बाई. वाकडा खिळा मी फेकतो. ताईंनी बऱ्याचदा शिव्या घातल्या, मग सोडून दिलं. काल फळ्याही तशाच खाली ढकलल्या. मिठाने पोखरलेल्या, अर्ध्या तर हातातच मोडल्या."

आत्याने 'पूर्व' लिहिलेल्या खणात बोट घातलं आणि चार खिळे वेगळे काढून विटांवर मांडले. गोल डोक्याचे, बाजारातले, चकचकीत. चारही ठोकून सरळ केलेले. अंगावर हातोडीचे वळ.

मुकादम वाकून बघत राहिला. "हे माझे," तो हळूच म्हणाला. "माझ्या पट्टीचे."

पट्टी होती तर. कुणीतरी ती काढली, खालच्या मोडक्या लाकडांत टाकून दिली आणि खिळे खिशात घालून चालू लागण्याऐवजी ठोकळ्यावर सरळ करून, बरोबर खणात ठेवून गेलं. नव्या खिळ्याला कोण असं करतं? ज्याचा हात डोक्याला विचारायचा बंद झालाय, तोच. मुकादमाचा हात तसा नव्हता. राहिले दोघं.

तिने इंजिनिअरला परत बोलावलं.

"तुमची बायको तुम्हाला काय म्हणायची? अरे की अहो?"

त्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडवलं. "आम्ही अरे-तुरेवाले. पण ती चिडली की अहो-जाहोवर यायची. गेलं वर्षभर मी 'अहो'च होतो."

"बहिणीलाही?"

"तिला तर जास्तच. परवा सगळ्यांसमोर म्हणाली, 'आपण काय काढलंत हे? आपल्याला दिसतं ना डोळ्यांनी?' पोरीचा चेहरा असा झाला..." तो थांबला. हुशार माणूस होता, आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

"म्हणजे 'काढा' ऐकल्यावर तुम्हालाही कळलं असणार, की निरोप तिला आहे."

"कळलं असतं, ऐकत असतो तर." त्याने मनगटातलं घड्याळ सारखं केलं. "मी फोन धरून उभा होतो. शब्द आठवतात, पण लक्ष नव्हतं. तिचं ऐकणं मी केव्हाच सोडून दिलं होतं."

हे खरं असेल किंवा पाठ केलेलं असेल. त्याच्याकडे खोलीची किल्ली होती, बहिणीकडेही होती. आज ना उद्या घटस्फोटाच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या, आणि बायको गेल्यावर वखार चालवायला तोच उरत होता.

साहेबांचा निरोप घेऊन हवालदार आला. मुकादमाला न्यायला गाडी निघाली होती.

"गाडी येऊ दे," आत्या म्हणाली. "तोवर मला तीन कोरे कागद आण. आणि तीन पेन्सिली."

४

तिघांना तिने खालच्या मोठ्या दालनात लांबलांब बसवलं. नव्या कोऱ्या बाकांवर, ज्यांवर पुढे कुणी कुणी यंत्रं आणि खेळणी बनवणार होते.

"वरचं दार काढा," ती म्हणाली. "रेखाटा, म्हणते मी. आता या शब्दाने आणखी कुणी मरायला नको. आतून, शेवटचं जसं पाहिलंत तसं. वर कुणी जाणार नाही, खोलीला कुलूप आहे."

इंजिनिअरने कपाळाला आठ्या घातल्या. मुकादम म्हणाला, त्याला येत नाही. धाकटीने पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"याने काय होणार?"

"काही नाही." आत्या तिच्या बाकापाशी जरा रेंगाळली. "तुम्हाला नाही जमलं तर राहू दे. ताई म्हणायच्याच म्हणे, जसं आहे तसं काढणं तुमच्या हातात नाही."

ते वर्मी लागलं. धाकटीने कागद सरळ केला आणि खाली मान घातली ती गाडी येऊन उभी राहिली तरी वर केली नाही.

आत्याने तिन्ही कागद एका बाकावर शेजारी शेजारी ठेवले. इंजिनिअरचं दार म्हणजे एक चौकोन, त्याला एक गोळा, कडी म्हणून. मुकादमाचं दार वेडंवाकडं, पण त्यावर आडवी पट्टी होती आणि पट्टीला चार खिळे, टोमॅटोएवढे. धाकटीचं दार बघून हवालदाराच्या तोंडून नकळत "वा" निघून गेलं. लाकडाच्या नसा, कडीचा गंज, चौकटीची झिजलेली धार, सगळं होतं. खिळ्यांची भोकंसुद्धा होती. जुनी तिने भरून काळी केली होती.

चार कोरी ठेवली होती.

"ही पांढरी का?"

"ती ताजी आहेत. आत लाकूड पिव..." धाकटी थांबली.

आत्याला अशा वेळी गोड बोलता येत नसे आणि तिने प्रयत्नही केला नाही.

"यांनी पट्टी पाहिली," तिने मुकादमाकडे बोट केलं, "कारण यांनी ठोकली. इंजिनिअरसाहेबांनी ना पट्टी पाहिली, ना भोकं. त्यांनी दार आधीचं पाहिलं, आणि तेही नीट नाही. पट्टी नाही आणि ताजी भोकं आहेत, असं दार कधी होतं? खिळे उपटल्यानंतर. आज सकाळी. तू तर म्हणालीस, काल दुपारनंतर वर गेलेच नाही."

धाकटीला 'तू' ऐकून बरं वाटलं की काय, कुणास ठाऊक. तिचे खांदे सैल पडले.

"काल मी फक्त गप्प बसले," ती म्हणाली. "मला कळलं होतं, मला म्हणतेय. मुकादम 'करतो ताई' म्हणाले आणि मी बोललेच नाही. वाटलं, पाडू दे. सकाळी येईल, दाराची पट्टी बघेल, सगळ्यांवर ओरडेल. सज्जाच नसला की पुन्हा काढायला लावणार नाही. एवढंच."

"गप्प बसल्याबद्दल मी कुणाला पकडू शकत नाही. पुढे?"

"सकाळी लवकर आले. ती यायची होती. टेबलाखाली टोपलीत माझा शेवटचा आराखडा होता. काल रात्री मी तिच्या घरी नेऊन दिला होता. सांगितलं होतं, हा ठेव, आता सज्जा पाहायला मिळणार नाही. ती समजली असेल, मी परत चित्र काढणार नाही म्हणतेय. तिने तो फाडून, पहाटेच ड्रायव्हरला किल्ली देऊन, मला दिसेल असा त्या टोपलीत टाकायला लावला होता." ती मुकादमाकडे न बघता बोलत होती. "मग मी पट्टी काढली. ती दार पाठीने ढकलते, हे सगळ्यांनाच माहीत आहे."

"आणि खिळे सरळ केलेस."

धाकटीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं. खरंखुरं आश्चर्य होतं ते.

"केले का?" तिने विचारलं.

मुकादम उठून उभा राहिला. तिच्याजवळ गेला. हवालदार मध्ये पडायच्या बेतात होता, पण मुकादमाने हात उचलला नाही.

"मी सकाळपासून इथे बसलोय," तो म्हणाला. "तू तिथे बसली होतीस. माझ्या पोरींना मी फोन केला तो तू ऐकलास."

या बाबतीतही धाकटी गप्पच बसली.

५

गाडी रिकामी जायची नव्हती, ती तिला घेऊन गेली.

उद्घाटन पुढे ढकललं गेलं, रद्द झालं नाही. परवानगीची अट अशी की जुना सज्जा होता तसा उभा राहिला पाहिजे, फळीला फळी जुळून. फळ्यांचा भुगा झाला होता. आराखडे ताईंनी फाडले होते, आणि उरलेले तुकडे जुळत नव्हते. फोटोंवरून मापं निघेनात. इंजिनिअरने चार दिवस डोकं आपटलं आणि मग आत्याकडे येऊन, बूट बघत, काय करायचं ते सुचवलं.

आत्या कोठडीत कागद घेऊन गेली.

"सज्जा काढा," ती म्हणाली.

धाकटी हसली. बराच वेळ कागदाकडे बघत बसली. "माझं नाव घालतील?"

"नाही. पाटी आधीच ओतून आणली आहे. आराखडा, रचना, संकल्पना, सगळं ताईंच्या नावावर." आत्याला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

"बरं." तिने पेन्सिल घेतली. "मग एक करायला सांगा. चौकटीची ती चार भोकं तशीच कोरी ठेवा. चित्रात असतील. कुणाला कळणार नाही, पण ती माझी सही."

तिने काढला. मोजपट्टी नाही, सज्जा समोर नाही, तरी फळीची जाडी, कठड्याची वळणं, खिळ्यांच्या जागा, सगळं बिनचूक. एकही फळी सोडली नाही. इंजिनिअरने आराखडा उजेडात धरून पाहिला आणि चुकून म्हणून गेला, की एवढं सुंदर काम हिने कधी केलं नव्हतं. मग त्याने तो कागद मुकादमाकडे दिला, कारण पाडणारा माणूस आता बांधायलाही लागला होता.

वखार उघडली तेव्हा माणसांची रीघ लागली. नव्या सज्ज्यावर उभं राहून लोक खाली चाललेली यंत्रं बघत होते. पितळेच्या पाटीपाशी थांबून ताईंचं नाव वाचत होते आणि हळहळत होते. आत्या गर्दीतून वर गेली. दाराच्या चौकटीवरून तिने बोट फिरवलं. मग नखाने टोकरून पाहिलं.

मुकादम मागे येऊन उभा होता. अंगात नवा सदरा होता.

"लाकडाचा भुसा आणि सरस," तो म्हणाला. "घासून, रंग देऊन घेतला. इंजिनिअरसाहेब म्हणत होते, चित्रात आहेत तर राहू द्या. मी म्हटलं, नाही. माझ्या हाताने भरली."

"तिची सही होती ती."

"माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतं." त्याने चौकटीवरून तळवा फिरवला. कुठे काही लागलं नाही. "तुम्ही तिच्याकडे जाता ना? तिला सांगा."

आत्या गेली आणि सांगितलं. ताईंचं प्रेत उचललं तेव्हा, गाडीत बसताना, न्यायालयात उभं केलं तेव्हा, एकदाही न रडलेली ती मुलगी ऐकत राहिली. चारही का, असं तिने विचारलं. आत्या म्हणाली, चारही.

मग ती रडली. तिचं संपेपर्यंत आत्या तिथे बसली नाही.